परसदारी खुराडा बांधायचाय, मृगाच्या आत (लांजा, रत्नागिरी)

पागोळी | ११ जानेवारी, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. इथे परसबागेवर ढीगभर धागे आहेत, पण कोंबड्यांवर एकच सापडला आणि तोही चौथ्या प्रतिसादापासून वड्यांच्या पिठाकडे वळलेला. म्हणून नवा काढतेय.

दीड वर्षापूर्वी आम्ही ठाण्याहून गावी आलो. माझं काम घरूनच चालतं, नवरा काजूची बाग बघतो. सासूबाईंकडे पूर्वी वीस-बावीस गावठी कोंबड्या असायच्या. ओटीच्या पायरीखाली चिऱ्यांचा खुराडा, तिन्हीसांजेला पुढे फळी सरकवली की झालं. एका वर्षी मानमोडी आली आणि आठवड्यात खुराडा रिकामा. त्यानंतर त्यांनी कोंबडी पाळली नाही. आता मुलगी (वय ९) हट्टाला पेटलीय आणि मलाही घरची अंडी हवीयत.

घरामागे गडगा (दगडी कुंपण) आणि विहीर यांच्यामध्ये साधारण तीस बाय वीस फूट जागा आहे. कडेला मोठा फणस, सावली छान, म्हणून खुराडा त्याच्याखाली. निजायची खोली ६ बाय ४ फूट, लाकडी फळ्यांची, जमिनीपासून दोन फूट वर. तिला लागून १२ बाय ८ फुटांचं जाळीचं अंगण, उंची सहा फूट. एक बाजू गडग्याचीच धरली तर तेवढी जाळी वाचते. छपराला घरावरून उतरवलेली मंगळुरी कौलं पडून आहेत. जाळी ती षट्कोनी मिळते ती. पक्षी आठ-नऊ. बजेट २५ हजार.

इंटरनेटवर फोटो बघितलेत. एका खुराड्याला खिडकीत फुलांच्या कुंड्या आहेत, मुलीने तोच निवडलाय. सासूबाईंनी फोटो बघून विचारलं, "ह्यात माणसं ऱ्हवणार की कोंबड्या?"

चुका दाखवा, आत्ताच. बांधून झाल्यावर दाखवू नका.

—

नाखवा७२ | ११ जानेवारी, रात्री ११:१५

ताये, ती षट्कोनी जाळी कोंब्यांका भुतूर ठेवता, पण मुंगसाक आणि बाऊलाक भायर ठेवणा नाय. आता प्रमाण मराठीत लिहितो, नाहीतर पुण्याचे लोक भाषांतर मागतील.

मालवणच्या घरी आम्ही तीच जाळी मारली होती. कोंबडी जाळीला टेकून निजली होती, बाऊलाने (रानमांजर हो) भोकातून पंजा घालून तिची मान बाहेर ओढली. जाळी शाबूत, कोंबडी अर्धी. दुसऱ्या वेळी पिळाच्या तारा उसवून भोकच केलं.

आणि गडगा सुका रचलेला आहे की मातीत बसवलेला? सुका असेल तर ती भिंत नव्हे, मुंगसाची चाळ आहे. तिकडून अंगण उघडं ठेवू नका.

—

ठिणगी | १२ जानेवारी, सकाळी ७:५०

फॅब्रिकेशनचा धंदा आहे, कोल्हापूर. नाखवांशी सहमत. जाळी वेल्डमेश घ्या, भोक अर्धा इंच. अर्ध्या इंचातून पंजा जात नाही, सापही जात नाही, अगदी पिल्लू साप सोडला तर. गेजचा आकडा जितका लहान तितकी तार जाड. लोक मोठा आकडा म्हणजे भारी माल समजून २४ गेज उचलतात आणि वर्षात हाताने फाटते. १८-१९ गेज बघा.

जाळी सांगाड्याच्या बाहेरून लावायची. आतून लावलीत तर बाहेरचा धक्का खिळ्यांवर येतो. बाइंडिंगच्या तारेने बांधून ठेवू नका, पट्टी दाबून स्क्रू मारा. सांगाडा लोखंडी करणार असाल तर वेल्डिंगच्या प्रत्येक सांध्यावर रेड ऑक्साइडचे दोन हात. तुमच्याकडची हवा लोखंड खाते, तरी लांजा समुद्रापासून जरा आत आहे हे नशीब.

दाराला नुसती कडी नको, कडीत अडकवायला खिट्टी हवीच.

—

दुधी_भोपळा | १२ जानेवारी, सकाळी ९:०५

शाकाहारी आहे, तरी वाचतोय. एकच प्रश्न: वास? आमच्या शेजाऱ्यांनी पाच कोंबड्या पाळल्या होत्या, आम्ही दोन वर्षं स्वयंपाकघराची खिडकी उघडली नाही.

—

निवृत्त_दाक्तर | १२ जानेवारी, दुपारी २:३०

पशुसंवर्धन खात्यात बत्तीस वर्षं काढली, निम्मी सातारा-सांगलीकडे आणि चार तुमच्या जिल्ह्यात. जरा लांबण लावतो.

भोपळेसाहेब, वास कोंबडीचा नसतो, ओल्या विष्ठेचा असतो. विष्ठा कोरडी राहिली तर पाच काय पंधरा कोंबड्यांचा वास येत नाही. ओली झाली की अमोनिया सुटतो, आणि तो आधी कोंबडीच्या डोळ्यांत जातो, मग तुमच्या खिडकीत. पहाटे खुराड्याचं दार उघडून कोंबडीच्या उंचीवर नाक न्या. डोळे चुरचुरले तर हवा कमी पडतेय असं समजा.

पागोळीताई, तुमचं माप बरोबर आहे. नऊ पक्ष्यांना २४ चौरस फूट निजायला आणि ९६ चौरस फूट फिरायला, म्हणजे ऐसपैस. गोंधळ वाऱ्याचा आहे. त्या फोटोंतले खुराडे बर्फाच्या देशातले असतात, त्यांना ऊब धरायची असते. तुम्हाला ऊब घालवायची आहे आणि पाऊस अडवायचा आहे. म्हणून खालचे दोन-अडीच फूट भिंत, आणि तिच्यावर छपरापर्यंत चारही बाजूंनी नुसती जाळी. छपराला पाऊसबाजूला किमान अडीच-तीन फूट वळचण. लांबी पूर्व-पश्चिम ठेवा, म्हणजे ऊन आडवं आत शिरत नाही.

लाकडी फळ्यांची जमीन तुमच्याकडे दोन पावसाळेही काढणार नाही. वाळवीचं तर विचारूच नका. चिऱ्याचं जोतं, वर कोबा, मागच्या बाजूला एक इंच उतार. त्यावर भाताचं तूस तीन-चार इंच. आठवड्यातून दोनदा खराट्याने वरखाली करायचं, ओल वाटली की ओली जागा काढून नवीन तूस. वर्षाकाठी काढलेला गाळ थेट झाडाला घालू नका, मुळं जळतात. दोन-तीन महिने कुजू द्या, मग नारळाला घाला.

बसायच्या दांड्या: पक्ष्यामागे ९-१० इंच. नऊ पक्षी म्हणजे साडेसात फूट, तेव्हा चार-चार फुटांच्या दोन दांड्या. दोन्ही एकाच उंचीवर. एक वर आणि एक खाली केलीत तर सगळ्या वरच्यासाठी भांडतात. आणि अंडी घालायचे कप्पे दांडीपेक्षा खाली. वर केलेत तर कोंबड्या तिथेच निजतील आणि सकाळी अंडी विष्ठेत सापडतील. कप्पा फूटभर लांब, रुंद, उंच. चार-पाच कोंबड्यांना एक पुरतो, तुम्ही दोन करा.

लसीचं वेगळं लिहितो, तो मोठा विषय आहे.

—

ठेचा_भाकर | १२ जानेवारी, सायंकाळी ६:१०

दाक्तरसाहेबांच्या प्रतिसादाची वाचनखूण साठवली.

यवतमाळकडून भर टाकतो. आमच्याकडे पाऊस नाही, ऊन मारते. ४४-४५ गेलं की कोंबडी चोच उघडी टाकून धापते, पंख लटकवते. पहिल्या वर्षी पत्र्याचं छप्पर केलं, उंची साडेचार फूट. मे महिन्यात दुपारी दोनला गेलो तर तीन कोंबड्या आडव्या. आता पत्र्यावर पऱ्हाटीचा थर, बाजूला गोणपाट, दिवसातून तीनदा ओलं करतो. पाणी मातीच्या परातीत, सावलीत. एरवी एक कोंबडी पाव लिटर पिते, उन्हाळ्यात दुप्पट धरा.

—

टेम्सकाठचा_बंड्या | १३ जानेवारी, रात्री १:२०

इंग्लंडात रीडिंगजवळ राहतो. मागच्या अंगणात चार कोंबड्या. कोंबडा नाही, कारण पहाटे आरवला की शेजारीण आधी पत्र लिहिते, मग कौन्सिल.

इथे १ ऑक्टोबर २०२४ पासून एक कोंबडी पाळली तरी सरकारदरबारी नोंद करावी लागते. बर्ड फ्लूमुळे. हुकूम निघाला की सगळे पक्षी आत कोंडायचे, छप्पर नसलेलं अंगण चालत नाही. आणि गंमत ऐका, घरच्या स्वयंपाकघरातलं उष्टंखरकटं कोंबडीला घालणं इथे बेकायदेशीर आहे, घर पूर्ण व्हीगन असेल तरच सूट. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "मग कोंबडी पाळायची कशाला?"

कामाचं सांगतो. इथला शत्रू कोल्हा, तो खणतो. जाळी जमिनीशी संपवायची नाही. तळाशी बाहेरच्या अंगाला फूट-दीड फूट पदर सोडून जमिनीवर आडवा अंथरायचा, वर दगड-माती. कोल्हा भिंतीच्या बुडाशी खणायला लागतो, नखाला जाळी लागते. मागे सरकून खणावं हे त्याला सुचत नाही.

—

निवृत्त_दाक्तर | १३ जानेवारी, सकाळी ८:००

बंड्या, पदर हा शब्द छान बसवलास.

बर्ड फ्लू तिकडचाच नव्हे. देशातली पहिली नोंद आपल्या नवापूरची, फेब्रुवारी २००६. त्यासाठी तरी अंगणावर वरून छप्पर घाला. कावळे, बगळे, पारवे यांची विष्ठा खाद्यात आणि पाण्यात पडायला नको.

आता लस. सासूबाईंचा खुराडा रिकामा केला ती मानमोडी म्हणजे राणीखेत. झाल्यावर औषध नाही, आधी लस हाच उपाय. पिल्लू पाच-सात दिवसांचं झालं की लासोटा लस, डोळ्यात किंवा नाकात एक थेंब. चौथ्या आठवड्याला पुन्हा. आठव्या आठवड्याला आर-टू-बी, पंखाखाली टोचून. अडचण अशी की कुपी शंभर पक्ष्यांची येते आणि एकदा पाण्यात मिसळली की दोन तासांत संपवावी लागते, तीही बर्फावर ठेवून. तुमचे पक्षी नऊ. म्हणून एकटीने करू नका, अख्ख्या वाडीच्या कोंबड्या एका सकाळी उरकून टाका. शेजारणीच्या कोंबडीला लस नसेल तर तुमच्या खुराड्याला कितीही भारी जाळी लावा, रोग जाळीतून येतोच.

—

पागोळी | १३ जानेवारी, रात्री ९:३०

बापरे. सगळ्यांचे मनापासून आभार. कागदावरचा खुराडा पुसला आणि नवा काढला. खिडकीतल्या कुंड्या कन्येने रडून मागितल्या, एक मंजूर केली आहे.

सासूबाईंना लसीचा मजकूर वाचून दाखवला. काहीच बोलल्या नाहीत. मग थोड्या वेळाने आतून म्हणाल्या, "तेव्हा कोण सांगणारा असता तर."

—

पागोळी | १६ फेब्रुवारी, सायंकाळी ७:००

काम सुरू झालं, आणि पहिल्याच दिवशी जागा बदलली. गवंडीमामा आले, फणसाखाली उभे राहिले, वर बघितलं, म्हणाले, "मे महिन्यात हा दहा किलोचा एकेक सोडतो, छपराचं काय करणार?" मला सावली दिसत होती, फणस दिसला नव्हता.

कौलंही बाद. इथे वांदरांची टोळी आहे, फणसावरून घरावर उड्या मारते. घराची कौलंच दरवर्षी पन्नासेक बदलतो, खुराड्याची कोण बदलणार? शेवटी रंगीत पत्रा घेतला. पावसात आवाज होईल, पण वांदराने फुटणार नाही. ठेचाभाऊंचं ऐकून उंची मागे सात आणि पुढे आठ फूट ठेवली.

जोतं चिऱ्याचं दोन थर, वर कोबा. खांब सिमेंटचे, बाग कुंपणाला आणलेले चार उरले होते. अर्ध्या इंचाची जाळी घेतली आणि तिथेच बजेट फुटलं. आतापर्यंत २७ हजार झालेत, दार अजून बाकी.

त्यामुळे एक काटकसर केली. गडगा तसाच ठेवला, त्या बाजूला जाळी नाही. मातीत बसवलेला आहे, मी स्वतः बघितलं. नाखवा, रागावू नका.

—

नाखवा७२ | १६ फेब्रुवारी, रात्री ८:२०

रागावत नाय. वाट बघतंय.

—

ठिणगी | १७ फेब्रुवारी, सकाळी ८:१५

दार बाहेर उघडणारं करा की आत, हे लोक विचारत नाहीत म्हणून सांगतो. बाहेर. आत उघडणारं दार पुढे तुसात अडकतं. आणि दाराखाली उंबरा ठेवा, नाहीतर तूस रोज अंगणात.

—

पागोळी | १२ एप्रिल, दुपारी १२:४५

खुराडा उभा राहिला! एकूण ३१,४००. नवऱ्याने हिशेबाच्या वहीत "अंडी" असं सदर काढून त्याखाली हा आकडा लिहिलाय. शेजारी जमेच्या रकान्यात शून्य.

पक्षी आले. ग्रामप्रिया जातीची पाच पिल्लं, चार आठवड्यांची. वाडीतल्या काकींकडून तीन गावठी तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या), एक कोंबडा आणि एक जुनी कोंबडी, जी त्यांनी "ही घे, उबवणीला सोन्यासारखी आहे" म्हणून जवळजवळ गळ्यात घातली. म्हणजे दहा झाले. लस परवा केली, वाडीतल्या ७४ कोंबड्यांना. पशुवैद्यकीय दवाखान्यातून कुपी आणली, थर्मासमध्ये बर्फ. कोंबड्या धरायला पोरं होती, थेंब सोडायला मी. दुपारपर्यंत माझ्या हातांवर नखांचे इतके ओरखडे की ऑफिसच्या कॉलवर कॅमेरा बंद ठेवला.

दांड्यांना माणग्याचा बांबू वापरला.

—

निवृत्त_दाक्तर | १२ एप्रिल, दुपारी ३:१०

७४! शाब्बास.

बांबूची दोन्ही टोकं बंद करा, सिमेंटने किंवा लाकडी गुडदीने. पोकळीत बारीक लाल किडे घर करतात, दिवसा लपतात, रात्री बाहेर येऊन कोंबडीचं रक्त पितात. कोंबडी मलूल होते आणि मालकाला कारण सापडत नाही. कोपऱ्यात राख आणि कोरडी माती मिसळून एक घमेलं ठेवा, त्या लोळतील, बाकीचं त्यांचं त्या बघतात.

ग्रामप्रिया हैदराबादच्या संशोधन केंद्रातली, अंड्यांसाठी काढलेली. ती खुडूक, म्हणजे अंडी उबवायला, सहसा बसत नाही. काकींनी गळ्यात घातलेली तीच तुमची उबवणीची. तिला जपा.

—

दुधी_भोपळा | १२ एप्रिल, सायंकाळी ५:५५

वास आला का?

—

पागोळी | १३ एप्रिल, सकाळी ७:२०

नाही. काकांकडे येतो त्याहून कमी, काकांकडे म्हैस आहे.

—

पागोळी | २७ जून, रात्री ११:५०

वाईट बातमी आहे.

काल दुपारी माझा कॉल चालू होता. बाहेर धो धो. पत्र्यावर पाऊस इतका वाजत होता की समोरच्याचं बोलणं ऐकू येईना. कॉल संपला, पाऊस कमी झाला, आणि मला कोंबड्यांचा आवाजच ऐकू आला नाही. एकीचाही नाही.

गेले तर अंगणाच्या गडग्याकडच्या कोपऱ्यात ग्रामप्रियाच्या दोन तलंगा पडलेल्या. मानेवर बारीक दोन भोकं, बाकी एक पीस हललेलं नाही. तिसरी गडग्याच्या बुडाशी अर्धी आत ओढलेली, बाहेर फक्त पाय. उरलेल्या सगळ्या निजायच्या खोलीत दांडीवर, भिंतीला चिकटून, भर दुपारी.

कसं झालं ते नंतर कळलं. पत्र्याची पागोळी (माझंच नाव, काय बोलू) सरळ गडग्याच्या बुडाशी पडत होती. तीन आठवड्यांत तिने दोन चिऱ्यांमधली माती धुऊन नेली. हात जाईल एवढं भोक. फेब्रुवारीत मी बघितला तेव्हा गडगा पक्का होता, तो कोरड्या मातीचा पक्का होता.

मुलीने तिघींना नावं ठेवली होती. मी ती इथे लिहीत नाही.

नाखवा, तुम्ही सांगितलं होतं.

—

नाखवा७२ | २८ जून, सकाळी ६:०५

वाईट वाटलं हो. माझं खरं ठरावं असं वाटत नव्हतं. पोरीला सांगा, मालवणच्या आजोबांच्याही बऱ्याच गेल्या आहेत.

आता तो परत येणार. आज नाही तर उद्या. त्याला जागा कळली आहे. त्याआधी गडग्याच्या आतून जाळी.

—

कडक_चहा | २८ जून, सकाळी ९:३०

अंड्यात औषध घालून गडग्यापाशी ठेवा, प्रश्न मिटेल.

—

निवृत्त_दाक्तर | २८ जून, सकाळी १०:००

असलं काही करू नका. मुंगूस वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहे, ही एक गोष्ट. ते अंडं कुत्रा, मांजर, शेजारचं पोर कोणीही उचलू शकतं, ही दुसरी. आणि जागा मोकळी झाली की दुसरं मुंगूस येतं.

मेलेल्या तीन फूट खोल पुरा, वर चुना. उरलेल्यांची पिसं बाजूला करून माना, पाठी बघा. कुठे दात लागला असेल तर पिसांखाली दिसत नाही आणि तिसऱ्या दिवशी पिकतो. दोन-तीन दिवस अंड्यांची अपेक्षा ठेवू नका, घाबरलेली कोंबडी अंडं धरते.

—

टेम्सकाठचा_बंड्या | २८ जून, दुपारी २:४५

पदर फक्त तीनच बाजूंना घातला होतास का?

—

पागोळी | २८ जून, दुपारी ३:३०

हो. तीन बाजूंना.

—

पागोळी | ४ जुलै, रात्री ९:१५

काम झालं. गडग्याला लागून आतून जाळी, तळाशी दोन फूट पदर, त्यावर चिरे. ठिणगी, तुम्ही म्हणालात तशी पट्टी दाबून स्क्रू मारलेत, नवऱ्याने आणि मी, रेनकोट घालून. छपराला पन्हळ लावली, पाणी पाइपाने विहिरीपलीकडे सोडलं. पन्हळ फेब्रुवारीत ७०० रुपयांना मिळत होती, तेव्हा नको म्हटलं होतं.

परवा संध्याकाळी ते आलं. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते. गडग्यावर चढलं, खाली उतरलं, जाळीपाशी दोन पायांवर उभं राहून आत बघितलं. कोंबडा ओरडायला लागला. त्याने जाळीच्या बुडाशी थोडं उकरलं, थांबलं, दुसरीकडे उकरलं, आणि निघून गेलं. घाई अजिबात नव्हती त्याला.

नवीन प्रश्न: तूस ओलं होतंय. वळचण तीन फूट आहे, तरी वारा असला की झोत आडवा येतो. काल एकीच्या विष्ठेत लालसर दिसलं.

—

निवृत्त_दाक्तर | ४ जुलै, रात्री ९:४०

लालसर म्हणजे रक्ती हगवणीची शंका. ओल्या तुसात तिचे जंतू वाढतात. उद्याच विष्ठेचा नमुना डबीत घालून दवाखान्यात न्या. अम्प्रोलियम पाण्यातून देतात, पण प्रमाण तिथल्या डॉक्टरांना विचारून. सगळं तूस आज रात्रीच काढा, कोब्यावर चुना भुरभुरवा, कोरडं तूस घाला.

पाऊस अडवायचा उपाय सासूबाईंना विचारा. कोकणातल्या पडवीला पावसाळ्यात काय बांधतात ते त्यांना माहीत असेल.

—

पागोळी | ६ जुलै, दुपारी १:००

विचारलं. त्या उठल्या, वाडीत गेल्या आणि संध्याकाळपर्यंत माडाच्या झावळ्यांची विणलेली सहा झापं घेऊन आल्या. पाऊसबाजूला वरून लोंबती बांधली, बुडाशी वीतभर मोकळं. वारा येतो, पाणी येत नाही. मी ताडपत्री मारणार होते, त्या म्हणाल्या, "ताडपत्रीत घुसमटतील." अगदी दाक्तरांच्याच सुरात.

नमुन्यात रक्ती हगवणच निघाली. औषध चालू आहे. एक मलूल आहे, बाकी बऱ्या. आणि हे सांगायचं राहिलं होतं: गेले पंधरा दिवस त्या स्वतः पहाटे उठून दार उघडतात. मला उठवत नाहीत.

—

ठेचा_भाकर | ६ जुलै, रात्री ८:००

लयच भारी. आमच्याकडे पाऊसच नाही पडून राहिला, झापं पाठवू नका, ढग पाठवा.

—

पागोळी | ३ ऑक्टोबर, सकाळी १०:३०

धागा वर काढतेय.

ग्रामप्रियाच्या दोघी सप्टेंबरपासून अंडी देतात, जवळजवळ रोज. जमेच्या रकान्यात आता आकडा आहे. गावठी तिघींचा अजून पत्ता नाही. म्हणजे असं वाटत होतं. काल माळ्यावरून नारळाची सोडणं काढायला गेलो तर ढिगात आठ अंडी. सासूबाई म्हणाल्या, कप्पा पसंत नसेल. त्यांनी नदीतली एक पांढरी गारगोटी आणली, कप्प्यात भाताच्या पेंढ्यावर ठेवली. आज सकाळी गारगोटीशेजारी अंडं.

मी कप्प्यांसाठी इंटरनेटवर तासभर व्हिडिओ बघितले होते.

दुसरं: काकींची ती जुनी कोंबडी खुडूक बसली आहे. हात नेला की फुगते, गुरगुरते. अकरा अंडी दिली तिच्याखाली, सगळ्यांवर कोळशाने खूण. कोंबडा कामाचा आहे असं धरून चाललोय. तिला बाकीच्यांपासून वेगळं, माजघराच्या कोपऱ्यात डालग्याखाली ठेवलंय. आजचा दिवस पहिला.

—

निवृत्त_दाक्तर | ३ ऑक्टोबर, दुपारी १२:१५

एकवीस दिवस, म्हणजे २३-२४ तारखेला. सातव्या-आठव्या रात्री अंधारात बॅटरीवर धरून बघा, कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसल्या तर जीव आहे, नितळ दिसलं तर काढून टाका. रोज एकदा तिला उठवून दाणापाणी करा, स्वतः उठत नसेल तर. शेवटचे तीन दिवस हात लावू नका.

—

पागोळी | १९ ऑक्टोबर, रात्री १०:०५

दाक्तर, नवव्या रात्री बघितली, दोन नितळ होती, काढली. नऊ उरलीत. आज इथे परतीचा पाऊस, भयंकर गडगडतंय. सासूबाई म्हणतात, गडगडाटाने अंडी मरतात, म्हणून त्यांनी पेंढ्यात एक लोखंडी खिळा खोचलाय. खरं आहे का हे?

—

निवृत्त_दाक्तर | १९ ऑक्टोबर, रात्री १०:३०

गडगडाटाने मरत नाहीत. कोंबडी दचकून वारंवार उठली आणि अंडी गार पडली तर मरतात. माजघरात आहे, बसून राहील. खिळ्याने काही बिघडत नाही, राहू द्या.

—

नाखवा७२ | १९ ऑक्टोबर, रात्री १०:४५

आमची आवस कोळसो ठेवी. खिळो पण चालता.

—

पागोळी | २३ ऑक्टोबर, रात्री ११:३०

दुपारपासून सात फुटली. आठव्यातून संध्याकाळी चोच बाहेर आली, आत्ता ते पिल्लूही आईच्या पंखाखाली गेलं, अजून ओलं आहे. मुलगी झोपायला तयार नाही.

नववं अंडं गप्प आहे. मी काढणार होते. सासूबाई कानाला लावून बसल्या आहेत, म्हणतात, थांब, आत टकटक होतंय.